"मॅडम, पोराला कशातच इंटरेस्ट नाही"

दहावीचं वर्ष लागलं की माझ्याकडं समुपदेशनाला बेळगावातले पालक येवोत नाहीतर खानापूर-निपाणीकडचे, पहिलं वाक्य हेच. मग शेजारच्या हुशार मुलाचा दाखला आणि शेवटी मोबाईलचा उद्धार. पालकांची काळजी मला कळते. एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी), मग पीयूसी (अकरावी-बारावी), पुढं पुणं की बेंगळुरू, सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात असतो. पण कशाचीच ओढ नसलेलं मूल माझ्याकडं अजून आलेलं नाही. ओढ असते. आपल्याला हवी तिकडं नसते, एवढंच.

एका मुलाचं उदाहरण सांगते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) गाव निपाणीजवळ. आई आणि आज्जी विड्या वळतात, वडील ट्रकवर. शिक्षण चांगलं व्हावं म्हणून त्याला बेळगावात शहापूरला मामाकडं ठेवलेलं. मामांनी ट्यूशन लावली, स्वतंत्र खोली दिली, तरी मार्क घसरतच चालले. "आम्ही काय कमी केलंय सांगा. नुसता भिंतीकडं बघत बसतोय," मामा कळवळून म्हणाले. माझ्यासमोरही तो तसाच बसायचा. काहीही विचारा, उत्तर "माहीत नाही".

एकदा त्याच्या दप्तरातली वही चाळली. दोन कथांतली मुलं काय करतात आणि कशासाठी, याची तुलना लिहून आणायची होती. एक प्रेमचंदांची 'ईदगाह' (1933), दुसरी चेखॉव्हची 'वांका' (1886). यानं लिहिलेलं, 'हमीद चांगला मुलगा आहे. वांका रडका आहे.' खाली लाल शाईत शेरा, 'सविस्तर लिही.'

म्हटलं, आज तुझ्याबद्दल बोलायचंच नाही. या दोघांबद्दल बोलू.

हमीदची गोष्ट त्यानं घडाघडा सांगितली. ईदच्या जत्रेत खिशात तीन पैसे. बरोबरची पोरं खेळणी, मिठाई घेतात, हा लोखंडी चिमटा घेतो, कारण तव्यावरची पोळी काढताना आजीची बोटं भाजतात. वांका नऊ वर्षांचा, मॉस्कोत जोडे शिवणाऱ्याकडं कामाला ठेवलेला. मार खातो, अर्धपोटी राहतो आणि नाताळच्या आदल्या रात्री लपून आजोबांना पत्र लिहितो, मला इथनं घेऊन जा.

"वांकाला काय पाहिजे?"

"घरी जायचंय."

"आणि हमीदला?"

"आज्जीला चिमटा द्यायचाय."

"म्हणून हमीद चांगला आणि वांका रडका?"

तो वहीचा कोपरा दुमडत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, हमीद त्याच दिवशी घरी जाणार की. चिमटा आज्जीच्या हातात देणार. वांकानं काय घेतलं तरी द्यायचं कुणाला?"

मी बोलले नाही. अशा वेळी शाबासकीसुद्धा आडवी येते.

"आणि तो रडका नाही. पत्रात लिहितोय, आजोबा, तुमची तंबाखू कुटून देईन. कामाला कुठं नाही म्हणतोय?" थोड्या वेळानं, "मी पण आज्जीला पानं कापून द्यायचो. तिला आता साचा नीट दिसत नाही."

मग अर्धा तास तो एकटाच बोलत होता. भिजवलेली पानं किती ओली ठेवायची, साचा ठेवून कात्री कशी फिरवायची, विड्यांचा कट्टा (जुडी) बांधताना आज्जी काय काय पुटपुटते. कशातच इंटरेस्ट नसलेला मुलगा!

मी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलरच्या विचारांची. वागणं कुठून आलं यापेक्षा ते कुठं जायला बघतंय, हे मी आधी शोधते. या मुलाला अभ्यासाचा कंटाळा नव्हता. घरात आपला उपयोग होता आणि तो गेला, हे त्याचं दुखणं होतं. मामाकडं तो फक्त घेणारा झाला होता. मामांचं प्रेम खोटं नव्हतं, पण त्या घरात त्याच्यावाचून काही अडत नव्हतं.

वांकाच्या पत्रावर पत्ता काय, तर 'गावाकडं, आजोबांना' आणि आजोबांचं नाव. गावाचं नावच नाही. मुलांचं गप्प बसणंही पुष्कळदा असंच अर्ध्या पत्त्याचं पत्र असतं. ते आपल्यालाच आलंय, हे घरातल्यांनी ओळखायचं.

एक मात्र करू नका. 'बघ, हमीद किती समजूतदार' म्हणून ही गोष्ट मुलांच्या डोक्यावर मारू नका. चिमटा घे असं हमीदला कुणी सांगितलं नव्हतं, त्यातच सगळं आलं. 'आम्ही तुझ्यासाठी किती खस्ता खातो' हे रोज ऐकणारं मूल चिमटा आणत नाही, घरी यायचं टाळतं. त्यापेक्षा त्याच्यावर खरोखर अवलंबून असलेलं एखादं काम त्याच्याकडं द्या. लाईटबिल भरणं असो की आजोबांच्या गोळ्या. आणि दिलंत की मागं लागू नका.

आमच्या या मुलाचं ठरलं ते असं. शनिवारी शाळा सुटली की निपाणीची बस, रविवारी रात्री परत. आज्जीच्या डोळ्यांची तपासणी त्यानंच करून आणली, आठवड्याच्या विड्यांचा हिशेबही तोच लिहू लागला. मामांच्या दुकानाची उधारीची वही मामांनी आपणहून त्याच्याकडं दिली, हे मला विशेष आवडलं. गणितात तो नापास होईल अशी धास्ती होती, ती सहामाहीलाच गेली. पहिला मात्र आला नाही, येणारही नव्हता.

असं काही करायचं असेल तर मेअखेरीस शाळा उघडतानाच करा. फेब्रुवारीत, परीक्षा तोंडावर आल्यावर घरातले नियम बदलले, की मूल त्यालाही शिक्षाच समजतं.