नामफलक, मानपत्र आणि निवड समिती: कलेच्या आश्रयदात्यांचा सन्मान करताना

प्रश्न : आमची नाट्यसंस्था यंदापासून कलेच्या पाठीराख्यांना पुरस्कार देणार आहे. वैयक्तिक दाते, नेतृत्व आणि उद्योग असे तीन विभाग ठरले आहेत. निवड कशी करावी?

आधी प्रत्येक विभागाची व्याख्या एका वाक्यात लिहून काढा. दाता स्वतःच्या खिशातून देतो. उद्योग कंपनीचा पैसा, माणसं किंवा जागा देतो. नेतृत्वाच्या विभागात पैसा मोजायचाच नाही. संस्थेचा कारभार कोणी सावरला, नवे लोक कोणी जोडले, एवढंच पाहायचं. ही रेघ आखली नाही, तर कंपनीच्या धनादेशावर सही करणारा मालक तिन्ही विभागांत पुढे येतो आणि तीनही पुरस्कार एकाच प्रकारच्या माणसाला जातात.

पाच परीक्षक पुरेत. १०० पैकी कामावर झालेल्या परिणामाला ४०, सातत्याला ३० आणि ऐपतीच्या मानाने उचललेल्या वाट्याला ३० गुण ठेवून बघा. रकमेला वेगळे गुण नकोत, नाहीतर तो लिलाव होतो. गुण बैठकीपूर्वी लेखी मागवा. चर्चा आधी झाली, की पहिल्या बोलणाऱ्याचा आकडा सगळ्यांच्या कागदावर उतरतो. एखाद्या परीक्षकाचं उमेदवाराशी नातं किंवा व्यवहार असेल, तर तो विभाग चर्चेला येताच त्याने खोलीबाहेर जायचं. नुसतं गुण न देता बसून राहणं चालत नाही. गप्प बसलेला माणूसही दबाव टाकतो.

आणि नाव जाहीर करण्याआधी मानकऱ्याची लेखी संमती घ्या, नावाचं अचूक लेखनही त्याच कागदावर.

प्रश्न : एका कंपनीने रोख काहीच दिलं नाही, पण वर्षभर गोदाम वापरू दिलं, हिशेबनीस दिला आणि दिवे निम्म्या भाड्याने दिले. याची किंमत कशी धरावी?

गोदामाचं त्या भागातलं चालू भाडं धरा. दिव्यांच्या बाबतीत फक्त सवलतीचा फरक मोजा, पूर्ण भाडं नाही. ही चूक सर्रास होते. माणसांच्या वेळेचा नियम सरळ आहे: हिशेबनिसाने हिशेब लिहिला तर हिशेबनिसाचा दर, त्यानेच नेपथ्याला रंग दिला तर रंगाऱ्याचा. एरवी तुम्ही विकत घेतलीच नसती अशी वस्तू आली, तर आभार माना. पण अंदाजपत्रकात तिची किंमत शून्य. हे सगळं जमा-खर्चात दोन्ही बाजूंना दाखवा. मग ‘रोख नाही’ म्हणून कुणी त्या कंपनीला बाजूला सारणार नाही.

प्रश्न : एक दाता नव्या नाट्यगृहाला आपलं नाव कायमचं देण्याची अट घालतो आहे. मान्य करावी का?

‘कायमचं’ हा शब्द करारात येऊ देऊ नका. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधल्या सभागृहाला १९७३ साली एव्हरी फिशर यांनी १ कोटी ५ लाख डॉलर दिले आणि त्यांचं नाव लागलं. पुढे नूतनीकरणासाठी नवा दाता शोधायचा, तर ते नाव सोडवून घेण्यासाठी फिशर कुटुंबालाच दीड कोटी डॉलर द्यायचं ठरलं. २०१५ साली १० कोटी देणाऱ्या डेव्हिड गेफन यांचं नाव तिथे आलं. उलट पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने २०१९ मध्ये, व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक औषधाच्या धंद्यावरून वादात सापडलेल्या सॅकलर या दात्या कुटुंबाचं नाव उतरवलं, तेव्हा दालनाच्या नावाची मुदत २० वर्षांचीच असते, एवढं सांगून त्यांना मोकळं होता आलं.

म्हणून मुदत लिहा: १५ ते २० वर्षं, किंवा पुढच्या मोठ्या नूतनीकरणापर्यंत, जे आधी येईल ते. देणगी हप्त्यांनी येणार असेल तर निम्मी रक्कम जमा झाल्यावरच फलक लावा, आणि हप्ते थांबले तर काय होईल तेही लिहा. कंपनी विकली गेली किंवा तिचं नाव बदललं तर नव्या फलकाचा खर्च कोणाचा, हे ठरवा. दात्यामुळे संस्थेच्या लौकिकाला बाधा आली तर नाव काढण्याचा अधिकार विश्वस्तांकडे ठेवा. हे कलम सही होण्याआधीच घालता येतं, नंतर नाही.

सगळ्यात जास्त विसरलं जातं ते देखभालीचं. देणगीतला काही भाग कायम ठेवीत टाका. ठेवीतून वर्षाला साधारण ४ टक्केच काढायचे असं धरलं, तर १०० रुपयांच्या वार्षिक देखभालीमागे २,५०० रुपयांची ठेव लागते. हे गणित दात्यासमोर मांडा.

प्रश्न : मानपत्र किती मोठं असावं?

दीडशे शब्द. मोठ्याने वाचायला दीड मिनिट लागतं, त्यापुढे सभागृह खोकू लागतं. ‘दानशूर’, ‘रसिकाग्रणी’ ही विशेषणं काढा आणि काय घडलं ते लिहा: कोणत्या वर्षी, कशासाठी, त्यामुळे काय उभं राहिलं. नाव बदलून तेच मानपत्र दुसऱ्याला चालत असेल, तर पुन्हा लिहा.

प्रश्न : दात्यांच्या फलकावर नावं कशी लावावीत? एकाला नाव नकोच आहे.

गटवारी करून प्रत्येक गटात वर्णक्रमाने. सुट्या पट्ट्या वापरा, अखंड दगड नको. पाव भाग रिकामा सोडा. तीन मीटरवरून वाचायचं असेल तर अक्षराची उंची २५ मिलिमीटर हवी. नाव नको असणाऱ्यासाठी ‘एक हितचिंतक’ ही ओळ लावण्याआधीही त्याला विचारा; काहींना तीही नको असते. खरं नाव हिशेबाच्या नोंदीत मात्र राहिलंच पाहिजे, आणि ती नोंद कोण पाहू शकतो हे ठरवून ठेवा.