काच साच्याला चिकटली त्याबद्दल: लेपाच्या आधी साचा बघा

तुम्ही लिहिलंय की बाजारातल्या चकचकीत सिरॅमिक वाडगा साचा म्हणून घेतला, त्याला किल्न वॉशचे (काच साच्याला चिकटू नये म्हणून लावतात तो लेप) दोन हात दिले, त्यात खिडकीच्या काचेचे दोन थर ठेवले आणि भट्टी ७८० अंशांपर्यंत नेली. काच आणि वाडगा एकजीव झाले, सोडवताना दोन्ही फुटले. लेप कमी पडला असं तुम्हाला वाटतंय. लेप कमी होताच, पण मला वाटतं गोष्ट बिघडली ती वाडगा निवडतानाच.

तो वाडगा ग्लेझ दिलेला आहे, आणि ग्लेझ म्हणजे काचच. त्यावर वॉश मुरत नाही, नुसता बसून राहतो. वाळला की पापुद्रे सुटतात आणि तिथे तुमची काच थेट ग्लेझला भिडते. साचा हवा तो एकदाच भाजलेला, ग्लेझ न दिलेला, म्हणजे बिस्क. त्यावर पाण्याचा थेंब सोडा. बघता बघता मुरला तर साचा कामाचा. तळाला हवा जायला बारीक भोक असू द्या आणि साचा भट्टीत थोडा उचलून ठेवा, नाहीतर काचेखाली हवा कोंडते.

वॉश म्हणजे मुख्यतः ॲल्युमिना हायड्रेट आणि चायना क्ले. ॲल्युमिना काचेत विरघळत नाही, क्ले त्याला साच्यावर धरून ठेवते. एक माप पावडर, पाच मापं पाणी. दुधाइतकं पातळ दिसतं म्हणून लोक घाबरून घट्ट करतात आणि मग काचेच्या पाठीवर ब्रशच्या रेघा उमटतात. पातळच ठेवा. मऊ केसांचा रुंद ब्रश घ्या आणि दर वेळी भांडं तळापासून ढवळा, पावडर मिनिटाभरात खाली बसते. पहिला हात आडवा, दुसरा उभा, मग दोन्ही तिरके. चार-पाच हात होतात. सुरुवातीला ब्रश उचलताच ओली चमक विझते. चमक रेंगाळायला लागली की साचा पाण्याने भरला, थोडं थांबा. शेवटी भोक सुईने मोकळं करा आणि काठाकडे टॉर्च तिरका धरून बघा, सुटलेली जागा बहुतेक तिथेच सापडते. मग २६० अंशांवर वीसेक मिनिटं वाळवा. पावसाळ्यात ही पायरी अजिबात गाळू नका, हवेत वाळलेला साचा आतून ओलाच असतो.

पावडर कालवताना आणि जुना लेप काढताना मास्क लावाच. सुका लेप खरवडू नका, ओल्या स्पंजने पुसा.

आता तापमान. थर जोडणं आणि वाटीचा आकार देणं एकाच खेपेत उरकू नका. आधी सपाट शेल्फवर थर जोडून घ्या, मग भट्टीच्या दुसऱ्या खेपेला साच्यात बसवा. खिडकीच्या काचेला साच्यात उतरायला साधारण ६७० ते ७०० अंश पुरतात. प्रत्येक भट्टी वेगळी, तेव्हा पहिल्यांदा जवळ थांबून लक्ष ठेवा. इतक्या कमी तापमानाला तोच लेप, ओरखडा किंवा खपली नसेल तर, कितीतरी वेळा चालतो. थर जोडण्याच्या तापमानाला गेलेला लेप मात्र काढून नवा द्या. तेवढं तापल्यावर चायना क्ले बदलते आणि पुढच्या खेपेला काचेला धरते.

काच पालथ्या साच्यावर ओघळवायची असेल तर सिरॅमिक वापरू नका. सुरुवातीच्या वर्षांत मी पालथ्या बिस्क वाडग्यावर निळी काच सोडली होती. भट्टी गार होत असताना आतून टक्‌ असा एकच आवाज आला. लेप शाबूत होता, काच मात्र तीन तुकड्यांत. गार होताना काच सिरॅमिकपेक्षा जास्त आकसते आणि साच्याला आवळते. स्टेनलेस स्टील काचेहून जास्त आकसतं, म्हणून स्वतःच सुटतं. साध्या स्टीलच्या डब्यानेही काम होतं, फक्त बाजू वर निमुळत्या हव्यात. थंड स्टीलवर वॉश घसरतो. आधी सॅंडपेपरने घासून खरखरीत करा, भट्टीत २३० अंशांच्या आसपास तापवा, चिमट्याने धरून बाहेर काढा आणि भराभर ब्रश फिरवा. तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं चर्र वाजतं आणि लेप तिथेच धरतो. गार झाला की पुन्हा तापवून पुढचा हात. जाड हातमोजे घालूनच.

तुमच्याकडचा दुसरा वाडगाही चकचकीतच असेल तर त्यावर आणखी वॉश खर्च करू नका. कुंभारकाम शिकवणाऱ्या एखाद्या स्टुडिओत बिस्क वाडगा करून मागा, आणि तळाला भोक तो कच्चा असतानाच पाडून घ्या.