अंगठा फिरला आणि सही गेली

प्रश्न : ताई, हौसेने शाईपेन घेतलं, मीडियम निबेचं. पण वहीत शाई फुटते आणि पानामागे उमटते, त्यामुळे एकाच बाजूला लिहावं लागतं. गेल्या महिन्यात एका अर्जावर त्याच पेनाने सही केली, तर खिडकीपलीकडच्या बाईंचा अंगठा तिच्यावरून फिरला आणि सहीचा फराटा झाला. सगळा अर्ज पुन्हा भरला. शाईपेन आता फक्त डायरीपुरतंच ठेवायचं का?

उत्तर : तुमचा नुसता अंगठा होता, माझ्या वेळी पाण्याचा पेला होता. भरलेला अर्ज टेबलावर ठेवला आणि पेला कलंडला. छापील मजकूर शाबूत, साक्षीदाराची बॉलपेनची सही शाबूत, माझं नाव, पत्ता, जन्मतारीख मात्र निळसर ओघळात वाहून गेली. साक्ष होती, अर्जदार कोण तेवढं कळत नव्हतं!

माझ्या पेनात धुऊन जाणारी निळी शाई होती. शाळकरी मुलांच्या कपड्यांसाठी ती देवासारखी, कागदपत्रांसाठी वैरीण. ती पाण्यात विरघळलेला रंग असते, पाणी पडलं की परत विरघळते. अर्ज भरायचे तर दोन शाया उपयोगाच्या. एक पिग्मेंटची : हिच्यात रंगाचे बारीक कण असतात, ते कागदाच्या तंतूंत अडकून बसतात आणि वाळल्यावर पाण्याला दाद देत नाहीत. दुसरी लोहयुक्त निळी-काळी : लिहिताना निळी दिसते, हवा लागली की काही तासांत, दिवसांत काळपट होत जाते. वरचा निळा रंग धुतला गेला तरी खालची काळी रेघ राहते. जुन्या काळी हिच्यातल्या आम्लाने कागद खाल्ले, पण आजच्या पेनांसाठीची शाई बरीच सौम्य असते. तरी दोन्हींपैकी कुठलीही भरून पेन महिनोन् महिने कपाटात टाकू नका.

आता वही. फुटलेल्या शाईवर भिंग धरून पाहा, रेघेच्या दोन्ही कडांना केसांसारखे फाटे दिसतील. शाई तंतूंच्या वाटेने पळाली, त्याच्या त्या खुणा. तिला अडवायचं काम कागदाला दिलेली खळ करते. ती कमी पडली की जाड कागदावरही शाई फुटते, म्हणून नुसतं ‘८० जीएसएम’ (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) वाचून भुलू नका. जाडीने मागे दिसणं कमी होतं, फुटणं थांबेलच असं नाही. झेरॉक्सच्या कागदाचंही तेच. तिथे टोनरची भुकटी उष्णतेने चिकटवायची असते, ओली शाई पेलायची अट कागदावर नसतेच. म्हणून एक रिम गुणी निघते, दुसरी टीपकागदासारखी पिते.

कागद आपल्या हातात नसेल तर शाईचा ओघ कमी करा. मीडियमऐवजी फाइन निब घ्या. जपानी कंपन्यांची फाइन बहुधा युरोपीय फाइनपेक्षा बारीक असते, रोजच्या कागदाला मला तीच पटते. लिहिताना दाबू नका, निबेची टोकं फाकून शाई जास्तच उतरते.

अर्ज हातात आला की आधी बोट फिरवून बघते. गुळगुळीत, चकाकता लागला तर शाईपेन खिशातच. त्यावर शाई मुरत नाही, वर तरंगत राहते. तुमची सही बहुतेक अशाच कागदावर होती. साधा कागद असेल तर अर्जाच्या जादा प्रतीवर आडवी-उभी रेघ मारायची, मनात वीस मोजायचे, मग बोट घासायचं. पुसलं तर बॉलपेन. हाताचा घाम किंवा तेल लागलेल्या जागी निब अडखळते, म्हणून भरताना हाताखाली कोरा कागद ठेवते.

आणि एका अर्जाखाली दोन-तीन प्रती असतील तर शाईपेनाचं नावच काढू नका. खालच्या प्रती दाबाने उमटतात आणि दाब हे शाईपेनाचं काम नव्हे. मी एकदा वरची प्रत मोत्यासारख्या अक्षरात भरली, खालच्या दोन कोऱ्या करकरीत! अशा वेळी बॉलपेनची रिफिल घेताना आयएसओ १२७५७-२ हा क्रमांक पाहा, कागदपत्रांसाठीच्या शाईचं ते मानक आहे. आणि अर्जावर ‘फक्त काळी’ असं छापलेलं असेल तर वाद नको, काळीच.

प्रश्न : पिग्मेंट शाई पेनातच सुकली. पेन टाकून द्यावं लागेल?

उत्तर : एवढ्यात नाही. निब आणि तिच्याखालची, शाई पुरवणारी जीभ साध्या पाण्यात रात्रभर भिजवा, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका आणि रंग येणं थांबेपर्यंत पाणी बदलत राहा. उकळतं पाणी नको, स्पिरिटही नको, प्लॅस्टिक खराब होतं. फक्त दौत एकदा तपासा. चित्रकलेची इंडियन इंक असेल तर तिच्यात बरेचदा लाख असते, आणि लाख पाण्याने सुटत नाही.