थोरल्या आईंबद्दल लिहिताना

प्रिय मुली,

तू पाठवलेली चार पानं काल दुपारी वाचली, रात्री पुन्हा एकदा वाचली. तुझ्या आजीच्या, म्हणजे थोरल्या आईंच्या, वर्षश्राद्धाला घरच्यांसाठी छोटी पुस्तिका काढायची हा विचार मला मनापासून आवडला. पंचाण्णवच्या घरातलं आयुष्य आहे, ते असंच वाऱ्यावर सोडू नये. पण मोकळेपणानं सांगते, या पानांत थोरल्या आई मला अजून भेटल्या नाहीत. 'मायेचा सागर', 'सोशिक', 'वटवृक्षाची सावली' एवढं बाजूला केलं तर उरतात ती तुमचीच नावं. कोण इंजिनिअर झालं, कोण पुण्याला, कोण दुबईला. त्या तुमच्या कोण होत्या ते कळलं. त्या स्वतः कोण होत्या?

हे मी सांगते, कारण ही चूक माझ्या हातून झालेली आहे. माझी आई गेली तेव्हा तेराव्याला वाचायला मी तीन पानं लिहिली. ऐकून सगळे रडले. पुढं वर्षभरानं आजोळी गेले, तर शेजारची एक म्हातारी म्हणाली, "तुझ्या आईला आम्ही कोणत्या नावानं हाका मारायचो, ठाऊक आहे का गं?" मला ठाऊक नव्हतं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, आणि जुनं त्या ताटातच राहिलं. तिच्या हाताखाली मी मोठी झाले, तिची दुखणी काढली, आणि तिचं पहिलं नाव मला शेजारणीकडून कळलं. ते अजून सलतं. तुझ्या पानांतही ते नाव नाही.

वयाचं बघ. आधार कार्डावर १ जानेवारी आहे म्हणून तोच जन्मदिवस धरू नकोस. तारीख माहीत नसलेल्या कितीतरी जुन्या माणसांच्या कार्डावर तीच आहे. जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४, लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात, ती बघायला मिळते का ते तहसील कचेरीत विचार. पण नोंद माहेरच्या गावची शोधायची, माण तालुक्यातली. मोडीत असेल तर वाचणारा जाणकार लागेल. बऱ्याचदा बापाचं नाव आणि 'मुलगी झाली' एवढंच असतं. तेवढंही उतरवून घे.

नोंद नाहीच मिळाली, तर घरातल्या आठवणी मोठ्या घटनांना बांध. तुमचं गाव पाटण खोऱ्यातलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, कोयनेचा भूकंप झाला. ती पहाट तिथं कुणीच विसरलेलं नाही. तेव्हा कडेवर कोण होतं, पोटात कोण होतं, त्यांनी आधी कुणाला बाहेर काढलं, त्यानंतर किती रात्री अंगणात झोपून काढल्या, हे तुझ्या थोरल्या काकांना विचार. तसंच १९७२ च्या दुष्काळाचं. माण तालुका तेव्हा होरपळला होता. माहेरची माणसं तुमच्याकडे येऊन राहिली होती का? की दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊन तिथं मिळणारं सुकडीचं पौष्टिक पीठ आणि परदेशी लाल मिलो ज्वारी यांवर दिवस काढले? सासरी भात पिकत असताना माहेरी चूल पेटत नाही, हे ज्या बाईनं पाहिलं, तिनं काय केलं असेल? काहीतरी केलंच असणार.

आता त्या पत्र्याच्या डब्याकडे येते. तू एका ओळीत उरकलंस, मी मात्र तिथंच अडकून पडले. मनिऑर्डरची कुपनं, पैशांबरोबर येणाऱ्या त्या छोट्या चिठ्ठ्या, दाभणानं भोक पाडून सुतळीत ओवलेली, वर्षानुवर्षांची! अगं, पुस्तिका तिथंच आहे. सुतळी सोडू नकोस. त्यांनी ज्या क्रमानं ओवली तोच क्रम राहू दे, आणि एकेकाचा फोटो काढ. आजोबा मुंबईला गिरणीत, त्या गावी. रक्कम बघ, तारीख बघ. गणपतीच्या आधी जास्त आलेत का? पेरणीच्या महिन्यात? मग खालच्या कोपऱ्यातला मजकूर वाच. तू लिहिलंस की सगळीकडे 'पैसे मिळाल्याचे कळवणे, पोरांना जपणे' असंच कोरडं आहे. जरा थांब आणि विचार कर. थोरल्या आईंना अक्षरओळख नव्हती. म्हणजे ती ओळ पोस्टमन मोठ्यानं वाचणार, दारात सासू उभी, शेजारीण उभी. चारचौघांत वाचल्या जाणाऱ्या कागदावर नवरा बायकोला काय लिहिणार? आणि त्या कोरड्या ओळी त्या बाईनं टाकून दिल्या नाहीत, ओवून ठेवल्या.

शेवटचं कुपन १९८१ च्या डिसेंबरचं आहे म्हणालीस. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि कितीतरी जणांच्या हाताला ते काम पुन्हा मिळालं नाही. तुझ्या पानांत 'नंतर आजोबा गावी परतले' एवढंच आहे. इथं दोन पानं लिही. पंचवीस वर्षं बैल, बियाणं, सोसायटीचं कर्ज, पोरींची लग्नं त्यांनी बघितली. मग महिन्याची मनिऑर्डर थांबली, आणि मे महिन्यात पाहुण्यासारखा येणारा माणूस कायमचा घरी बसला. तेव्हा घर कुणाच्या शब्दावर चालायचं? हे तुझ्या आत्यांना विचार, वडिलांना नको. मुलींनी पाहिलेलं असतं.

एक कागद आणखी काढ, माहेरच्या जमिनीचा फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद. १९५६ च्या कायद्यानं मुलींनाही बापाच्या मालमत्तेत वाटा आला, पण भावाशी वाकडं नको म्हणून बायकांनी हक्कसोडीवर अंगठे दिले. त्यांनीही दिला असेल, तर ते लिही. भावाला दोष द्यायला नव्हे. त्या अंगठ्याच्या बदल्यात दर दिवाळीला माहेरची वाट उघडी राहिली, हाही त्यांचा हिशोब असेल.

जात्यावरच्या ओव्यांचं विचारलंस. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. दारी पोस्टमनकडून वाचून घेणाऱ्या बायका जात्यापाशी मात्र आई, भाऊ, लेक, सगळ्यांशी मनातलं बोलत होत्या. थोरल्या आईंच्या आठवतील तेवढ्या आत्यांकडून घे. अर्धी आठवली तर अर्धीच छाप, स्वतःची भर घालू नकोस.

आणि मोठ्या काकूंशी त्या दोन वर्षं बोलत नव्हत्या, ते तू गाळलंस. मी गाळलं नसतं. पण काकू हयात आहेत, त्यांना आधी मजकूर दाखव, आणि त्या नको म्हणाल्या तर नको.

आता उशीर करू नकोस. दहिवडीजवळची त्यांची धाकटी बहीण अजून आहे, असं तू शेवटी जाता जाता लिहिलंस. सगळं सोड आणि या रविवारी तिच्याकडे जा. सकाळी जा, संध्याकाळी म्हातारी माणसं थकतात. डबा बरोबर ने, तिच्या हातात दे. ती बोलायला लागली की मध्ये तारखा विचारू नकोस, फोनवर आवाज टिपून ठेव. जेवायला थांब म्हणाली तर थांब. लग्नाआधीचं नाव तिला विचार, आणि घरी पोचायच्या आधी, एसटीतूनच, मला कळव.

तुझी,
बाई