फुकटची खोली आणि लाल-काळ्याची वही

'जागी' या नावाने लिहिणाऱ्या ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तीन वर्षांत पाच सहली, पाचही कॅसिनो असलेल्या हॉटेलात, कारण यजमान म्हणतात, "खोली फुकट मिळते, मग दुसरीकडे कशाला जायचं?" पहाटे चारला ते बूट हातात घेऊन आत येतात आणि तुम्ही झोपेचं सोंग घेता. मध्ये एक मुदत ठेव मोडली, तेही तुम्हाला बँकेच्या मेसेजवरून कळलं. हा छंद की व्यसन, असं विचारलंय तुम्ही.

आधी त्या खोलीचं बघू. कॅसिनोने खेळणाऱ्याला दिलेल्या कार्डावर तो सरासरी केवढी पैज लावतो, किती तास बसतो, याची नोंद होत असते. त्यावरून हा माणूस साधारण किती हरणार याचा अंदाज बांधतात आणि त्यातला थोडा भाग खोली, जेवण, शोची तिकिटं अशा रूपात परत करतात. दर खेपेला खोली मोठी होत चालली आहे, असं तुम्हीच लिहिलंय. माझ्या लेखी ती हरल्याची पावती आहे, फक्त तिला बाल्कनी आहे.

पहिल्या दोन सहलींत तुम्हालाही मजा आली, हे वाक्य तुम्ही लिहून खोडलंय, पण वाचता येतं. खोडायची गरज नव्हती. मीसुद्धा एकदा मशीनवर किरकोळ जिंकले होते आणि पुढचे दोन दिवस कुणाला बोलू दिलं नव्हतं.

आता यजमानांची रूलेटची वही. रूलेट म्हणजे लाल-काळ्या घरांचं फिरतं चाक, गोळी कुठल्या घरात थांबेल यावर पैज लावायची. लाल किती वेळा, काळा किती वेळा, सगळं टिपलेलं आणि वर "सात वेळा काळा आला, आता लाल येणारच." 1913 च्या ऑगस्टमध्ये मॉन्टे कार्लोत रूलेटवर काळा सलग 26 वेळा आला होता. आता तरी लाल येईल म्हणून लोक पैजा वाढवत गेले आणि धुऊन निघाले. चाकाला मागचं काही आठवत नाही. हरलं की दुप्पट लावायची त्यांची युक्तीही जुनीच. एका चिपेपासून, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या एका चकतीपासून, सुरुवात केली आणि सलग आठ डाव हरले, तर 255 चिपा गेल्या. नवव्या डावाला 256 लावायच्या, त्याही शेवटी एक चिप कमवायला! शिवाय टेबलावर पैजेची कमाल मर्यादा असते, ती आडवी येतेच. एका शून्याच्या चाकावर 37 घरं, लाल 18, काळी 18, आणि ते हिरवं शून्य घरमालकाचं, म्हणजे कॅसिनोचं. शेकडा 2.7 एवढाच घरमालकाचा वाटा, पण तेच पैसे रात्रभर पुन्हा पुन्हा टेबलावर फिरतात. ते गेल्या सहलीत जिंकले यावर माझा विश्वास आहे. जिंकतात लोक. म्हणूनच परत जातात.

व्यसनाचं म्हणाल, तर अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये जुगाराचा विकार दारू आणि अमली पदार्थांच्याच प्रकरणात नेऊन बसवला. निदान डॉक्टरांनी करावं, मी नाही. पण गेलेलं भरून काढायला परत जाणं, घरच्यांपासून लपवणं, दोन्ही तुमच्या पत्रात आहे. रक्कम थोडी की जास्त, हा प्रश्न मला त्यापुढे दुय्यम वाटतो.

ठेवी दोघांच्या सहीशिवाय मोडणार नाहीत, अशी सोय या आठवड्यातच करा. त्यांनी कर्ज काढलं असेल तर ते गुपचूप फेडू नका. पुढच्या रात्रीची सोय होते त्याने, दुसरं काही नाही. बऱ्याच ठिकाणी खेळणाऱ्याला स्वतःवरच प्रवेशबंदी लिहून देता येते. सिंगापुरात तर घरचेही तसा अर्ज करू शकतात. पण ते पुढचं.

आधी बोला, आणि पहाटे चारला नको. त्या वेळी हरलेला माणूस चिडतो आणि जिंकलेला ऐकत नाही. घरी, दुपारी, चहा झाल्यावर ती वही मागा. लाल-काळ्याचे रकाने आहेत, नेले किती आणि आणले किती हा रकाना नाही. तो माझ्यासमोर आखा आणि पाचही सहलींचा भरा, एवढंच म्हणा. भरायला बसले, तर समुपदेशकाकडे दोघं मिळून जा. वही कपाटात गेली, तर तुम्ही एकट्या जा, आणि सहाव्या सहलीची बॅग भरू नका.