मॉसफेट उडतात म्हणून लाइन बदलायची का?

ताई, नमस्कार.

मुलगा पुण्यात इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला एलएलसी रेझोनंट कन्व्हर्टर (डीसी व्होल्टेज बदलून देणारं पॉवर सप्लायचं सर्किट) घेतलाय आणि तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेले मॉसफेट, म्हणजे करंट झटपट चालू-बंद करणारे स्विच, चार वेळा जळले. ‘मित्रांसारखं कोडिंगकडे वळवू का?’ असं तुम्ही विचारलंय.

इतक्यात नको. ‘लोड वाढवला की दोन्ही एकदम उडतात,’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. हे त्यानंच सांगितलं असणार, आणि ते नेमकं आहे. पुढचं त्याला वाचायला द्या.

या सर्किटमध्ये दोन मॉसफेट आळीपाळीनं चालू-बंद होतात, आणि करंट व्होल्टेजच्या मागे राहायला हवा. मग एक मॉसफेट बंद झाला की तोच करंट दुसऱ्यावरचं व्होल्टेज शून्यावर आणतो आणि दुसरा अलगद चालू होतो. लोड वाढून आउटपुट पडलं की कंट्रोलर ही चालू-बंद करण्याची फ्रिक्वेन्सी उतरवतो. एका हद्दीपर्यंत आउटपुट सावरतं. हद्द ओलांडली की उलटा खेळ: फ्रिक्वेन्सी उतरेल तसं आउटपुटही उतरतं, म्हणून कंट्रोलर आणखी उतरवत जातो. आता करंट व्होल्टेजच्या पुढे धावतो. बंद झालेल्या मॉसफेटच्या आतला डायोड अजून वाहत असतानाच समोरचा चालू होतो आणि क्षणभर अख्खी डीसी बस (सर्किटला वीज पुरवणारी मुख्य लाइन) शॉर्ट होते. 400 व्होल्टच्या बसवर तेवढा क्षण पुरतो.

उपाय आहेत. फ्रिक्वेन्सीला खालची मर्यादा घालायची, सुरुवात वरच्या फ्रिक्वेन्सीपासून करायची, मॉसफेट बंद करण्याआधी करंटची दिशा तपासायची. काही कंट्रोलर आयसीत (चिपमध्ये) हे संरक्षण आतच असतं. त्यांच्या डेटाशीट त्यानं सावकाश वाचाव्यात.

मार्गदर्शनाकडे येण्याआधी मी भोसरीत पॉवर सप्लायच्या टेस्ट बेंचवर होतो. पहिल्याच महिन्यात माझेही असेच उडाले. काळवंडलेलं पॅकेज, मधोमध तडा, आणि तो वास! वरिष्ठांनी नवे मॉसफेट दिलेच नाहीत. म्हणाले, ‘आधी करंटचा वेव्हफॉर्म दाखव.’ त्या दिवशी मी कामाला लागलो असं मी मानतो.

ईव्ही चार्जर, सर्व्हर, टेलिकॉम, सगळीकडे असे कन्व्हर्टर लागतात, आणि ते का मरतात हे सांगू शकणारा माणूस कंपन्यांना हवा असतो. चाकण-भोसरी तर घराजवळ. सुरुवातीचा पगार आयटीतल्या मित्रांपेक्षा कमी असू शकतो, तेवढी तयारी ठेवा. एमटेकच्या प्रवेशाची ‘गेट’ परीक्षा तिसऱ्या वर्षातही देता येते. पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये एमटेक केलं तर डिझाइनची दारं उघडतात. कोडिंगही शिकू दे, हल्ली कंट्रोलर प्रोग्रॅमच करावे लागतात.

एक मात्र कडक सांगा: लॅबमध्ये एकट्यानं काम नको. सप्लाय बंद केल्यावरही बसचा कपॅसिटर भरलेला असतो. तो डिस्चार्ज करून, मीटर लावून, मगच बोर्डाला हात.

पाचवी जोडी लावण्याआधी बस कमी व्होल्टेजवर, करंट लिमिट लावून चालवू दे. ऑसिलोस्कोपच्या एका चॅनेलवर दोन्ही मॉसफेटच्या मधल्या बिंदूचं व्होल्टेज, दुसऱ्यावर रेझोनंट करंट. लोड हळूहळू वाढवत स्क्रीनचे फोटो काढायला सांगा आणि मला पाठवा.