परदेशात निवृत्त आणि त्यात लॉकडाऊन: नव्याने आलेल्यांसाठी

सगळ्यात आधी व्हिसाची तारीख बघा. मार्च 2020 नंतर बऱ्याच देशांनी अडकलेल्या परदेशी लोकांना मुदतवाढ दिली, पण सरसकट नाही. कुठे ती आपोआप मिळाली, कुठे अर्ज करावा लागला. शेजारी सांगतो म्हणून गाफील राहू नका. इमिग्रेशनच्या संकेतस्थळावरची सूचना स्वतः वाचा आणि तारखेसकट छापून ठेवा. दूतावासात नाव नोंदवलं नसेल तर आजच नोंदवा.

औषधांचं जरा सविस्तर सांगतो. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण ब्रँड देशागणिक बदलतात. महिनाभराचा साठा हाताशी असू द्या. उगाच कपाट भरून ठेवलं की दुसऱ्या कुणाला तरी कमी पडतं. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं, फ्रीझरमध्ये कधीच नाही. विम्याच्या कागदांत साथरोगाचं कलम शोधा. काही पॉलिसींत महासाथ सरळ वगळलेली असते, आणि हे एजंट आपणहून सांगेलच असं नाही.

पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागतो? ऑनलाइन सोय आहे का, ते ईमेल करून आत्ताच विचारा.

बाकी दिवस जातो हो. घरातल्या घरात चाला, गुडघे साथ देत असतील तर हात न टेकता खुर्चीतून उठबस करा. बातम्या दिवसातून एकदाच. मुलांशी बोलायची वेळ मात्र दोन्हीकडची घड्याळं बघून ठरवा, नाहीतर तुम्ही झोपायला निघालेले आणि ते कामाला बसलेले.